ऑटोपायलट चालू आहे, पण तो नेमकं काय करतोय?

ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांनी वाचा, आणि वाचून कंटाळलात तर ऐका.

आपण नाशिककर विमानांच्या बाबतीत तसे लाडावलेले आहोत. ओझरला एचएएल आहे, मिग आणि सुखोई तिथे बनले. गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण चालतं. त्यामुळे डोक्यावरून काही गेलं तरी आपण मान वर करत नाही. पण आजचा विषय त्या मोठ्या विमानांचा नाही. चार सीटचं, एका इंजिनाचं, पंखा पुढे असलेलं छोटं विमान, आणि त्यातला ऑटोपायलट.

आधीच सांगतो, मी पायलट नाही. मी बीटेक करून सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी घरी सिम्युलेटरवर बसतो. माझी मावसबहीण मात्र खरी पायलट होतेय. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उडवायचे असतात, ती त्या वाटेवर आहे. या भागाची कल्पना तिचीच. ती म्हणाली, “दादा, लोकांना वाटतं ऑटोपायलट लावला की झोपा काढायच्या. उलट तो लावला की आम्हाला जास्त वाचावं लागतं.”

काय वाचावं लागतं? तेच आज बघू.

एक बटण नाही, बरीच बटणं

आपल्या डोक्यात ऑटोपायलट म्हणजे एक स्विच. चालू किंवा बंद. प्रत्यक्षात तो स्विच सगळ्यात कमी महत्त्वाचा. खरा प्रश्न असतो तो मोडचा. सातपूर-अंबडला ज्यांनी सीएनसी मशीन चालवलंय त्यांना हे लगेच कळेल. मशीन ‘ऑन’ आहे एवढ्यावर काहीच ठरत नाही. सिलेक्टर जॉगवर आहे, एमडीआयवर आहे की ऑटोवर, यावर हिरवं बटण दाबल्यावर काय होणार ते ठरतं. तेच बटण, तेच बोट, पण मोड वेगळा असेल तर टूल वेगळीकडे जातं.

ऑटोपायलटची सुरुवात मात्र खरंच एका कामापासून झाली: विमान सरळ ठेवायचं. १८ जून १९१४ ला पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणाने जायरोस्कोपवर चालणारं यंत्र लावून विमान उडवलं आणि प्रेक्षकांसमोरून जाताना दोन्ही हात वर केले. त्याचा मेकॅनिक तर पंखावर चालत गेला, तरी विमान सावरलं. त्यानंतर शंभर वर्षांत यंत्राला खूप कामं शिकवली गेली. प्रत्येक काम म्हणजे एक मोड.

आज गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर एनएफटीआय ही संस्था डायमंड डीए-४० आणि डीए-४२ वर शिकवते. इतर ठिकाणी सेस्ना १७२ सारखी विमानं असतात. अशा विमानांत बऱ्याचदा गार्मिन जी१००० चा काचेचा पडदा असतो, आणि त्याच्या जोडीला जीएफसी ७०० नावाचा ऑटोपायलट, किंवा जुन्या विमानात केएपी १४०. पुढचं मी मुख्यतः जीएफसी ७०० धरून सांगतोय. दुसऱ्या यंत्रात तपशील बदलतील, त्यामुळे आपल्या विमानाचं हँडबुक आणि आपला इन्स्ट्रक्टर म्हणेल ते खरं.

डावं-उजवं: रोल, हेडिंग, नॅव्ह

नुसतं ‘एपी’ बटण दाबलं तर काय होतं? विमान कुठेही ‘जायला’ लागत नाही. बाजूसाठी रोल मोड लागतो आणि वर-खाली साठी पिच मोड. याचा अर्थ, पंख जवळजवळ सपाट असतील तर सपाट ठेव, वळणात असशील तर तेवढंच वळण धरून ठेव, नाक आहे तिथे ठेव. बस. धुळे कुठे, नाशिक कुठे, त्याला काही माहीत नाही.

दुसरा, हेडिंग मोड. पडद्यावर एक छोटी खूण असते, तिला बग म्हणतात. नॉब फिरवून बग जिथे ठेवाल त्या दिशेला विमान नाक करतं. सोपं आणि भरवशाचं. पण यात एक गोम आहे: नाक कुठे आहे आणि विमान कुठे चाललंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरल्या गोदावरीत नाव घालणारा माणूस समोरच्या घाटाकडे नाक करत नाही. तो नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो, तेव्हा कुठे समोर लागतो. हवेतही तसंच.

उदाहरण घेऊ. ओझरहून धुळ्याला जायचंय. सरळ रेषेत साधारण ६६ नॉटिकल मैल, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आत. दिशा ढोबळमानाने ४४ अंश, ईशान्य. विमानाचा हवेतला वेग ११० नॉट धरा. पश्चिमेकडून २० नॉटचा वारा आहे. आता बग ४४ वर ठेवून हेडिंग मोड लावला आणि गप्प बसलो, तर काय होईल? वाऱ्याचा निम्म्याहून बराच जास्त भाग विमानाला उजवीकडे ढकलत राहील, सुमारे १४ नॉटने. अर्ध्या तासात, म्हणजे धुळे यायच्या वेळी, धुळं डावीकडे १४ किलोमीटरवर राहिलेलं असेल. यंत्रात काहीही बिघाड नाही. त्याला सांगितलं ते त्याने तंतोतंत केलं.

तिसरा, नॅव्ह मोड. इथे विमान नाकाकडे बघत नाही, रेषेकडे बघतं. जीपीएसमध्ये ओझर ते धुळे ही रेषा टाकलीय, ती रेषा धर. वारा ढकलायला लागला की ऑटोपायलट स्वतःच नाक डावीकडे घेतो. आपल्या उदाहरणात सात-आठ अंश, म्हणजे नाक ३६-३७ च्या आसपास आणि प्रवास ४४ वर. नाव चालवणारा जे हाताने करतो ते इथे गणिताने होतं.

मग कायम नॅव्हच का लावू नये? कारण कंट्रोलर सांगतो, “हेडिंग ०९० घ्या”, तेव्हा रेषा सोडावी लागते. ढग चुकवायचा असतो. शिवाय नॅव्हला रेषा दिसते, डोंगर दिसत नाही. ओझर-धुळे रेषा चांदवडच्या बाजूने सातमाळा ओलांडते. इंद्राई, राजधेर त्याच पट्ट्यात. डावीकडे धोडप आहे, साडेचार हजार फुटांच्या वर. तुम्ही उंची ४,००० फूट ठेवून दिली असेल तर ऑटोपायलट अतिशय नेमकेपणाने ४,००० वरच राहील. समोर काय आहे हे बघणं त्याच्या कामात नाही, ते आपलं काम.

‘दाबलं’ आणि ‘लागलं’ यातला फरक

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. चहा बाजूला ठेवा.

नॅव्ह बटण दाबलं म्हणजे नॅव्ह मोड लागला असं नाही. सुईने दाखवलेलं अंतर एका डॉटपेक्षा जास्त असेल, म्हणजे रेषा लांब असेल, तर नॅव्ह फक्त ‘आर्म’ होतो. आर्म म्हणजे तयारीत, दारात उभा. रेषा जवळ आली की तो आत येईल. तोवर विमान चालवतोय कोण? आधीचा मोड.

आता कल्पना करा. तुम्ही हाताने उडवत होता, रेषेपासून चार-पाच मैल बाजूला. एपी दाबलं. रोल लागला. मग नॅव्ह दाबलं. नॅव्ह आर्म झाला. रोल पंख सपाट ठेवून सरळ चाललाय. तुमचं नाक रेषेला समांतर असेल तर रेषा कधीच जवळ येणार नाही. नॅव्ह दारात उभा, रोल घर चालवतोय, आणि तुम्हाला वाटतंय की विमान आता वळेल. ते वळणार नाही. दहा मिनिटांनीही नाही.

उपाय सोपा आहे. आधी हेडिंग मोड लावा, बग फिरवून नाक रेषेकडे ३०-४० अंशांनी तिरकं करा, आणि मग नॅव्ह दाबा. हेडिंग तुम्हाला रेषेपर्यंत पोचवेल, रेषा आली की नॅव्ह स्वतः ताबा घेईल.

हे कळतं कुठून? पडद्याच्या वरच्या पट्टीतून. जो मोड प्रत्यक्ष चालू आहे तो हिरव्या अक्षरात, जो आर्म आहे तो पांढऱ्या अक्षरात. हिरवं म्हणजे आत्ता काय होतंय, पांढरं म्हणजे पुढे काय होणार. बहिणीच्या इन्स्ट्रक्टरचा नियम मला फार आवडला: बटणाकडे बघून दाबायचं, पण वरची पट्टी मोठ्याने वाचून झाल्याशिवाय बोट मागे घ्यायचं नाही. “हेडिंग हिरवा, नॅव्ह पांढरा.” दोघंही ऐकतात, दोघंही बघतात.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. बटण ही विनंती आहे, पट्टी ही स्थिती आहे. विनंती पाठवली म्हणून स्थिती बदललीच असं आपण कोडमध्ये धरत नाही, उत्तर तपासतो. इथे उत्तर त्या पट्टीवर येतं.

अजून एक आडवळण. नॅव्ह मोड कुणाची रेषा धरतोय? जीपीएसची, की जमिनीवरच्या रेडिओची? ते सीडीआय बटणाने ठरतं. नॅव्ह चालू असताना तुम्ही स्रोत बदललात, तर जीएफसी ७०० नॅव्ह सोडून रोलवर येतो. पडद्यावरची सुई नवी रेषा दाखवतेय, विमान मात्र कुठलीच रेषा धरत नाहीये. पुन्हा पट्टी वाचा, पुन्हा नॅव्ह दाबा.

वर-खाली: व्हीएस, एफएलसी, अल्टिट्यूड

उभ्या दिशेला मुख्य मोड तीन. अल्टिट्यूड म्हणजे आहे ती उंची धर. व्हीएस म्हणजे मिनिटाला इतके फूट चढ किंवा उतर. एफएलसी म्हणजे इतका वेग धरून चढ किंवा उतर.

पहिला सापळा: उंची धरलेली असताना नुसता उंचीचा नॉब फिरवून ६,००० केलं, तर विमान हलत नाही. तो आकडा म्हणजे ‘कुठे थांबायचं’. ‘कसं जायचं’ हे व्हीएस किंवा एफएलसीने वेगळं सांगावं लागतं. आणि ६,००० वर जायचं असताना व्हीएस उतरण्याचा दिला, तर विमान निमूटपणे खाली जात राहील. थांबायचा आकडा वर आहे, तो कधी भेटणारच नाही.

दुसरा सापळा जास्त गंभीर आहे, आणि तो आपल्याकडच्या उन्हाळ्याचा. व्हीएस मोड वेगाची पर्वा करत नाही. मिनिटाला ७०० फूट म्हणजे ७०० फूट. ओझरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट. मे महिन्यात पारा ४० वर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंखांना ती पाच हजार फुटांच्याही वरची वाटते. ढोबळ हिशोबाने सव्वापाच ते साडेपाच हजार. म्हणजे विमान धावपट्टीवर उभं आहे, पण त्याच्या दृष्टीने ते जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर आहे. वर जाल तशी ताकद आणखी घटते. इंजिनाला ७०० चा दर झेपेनासा होतो, पण ऑटोपायलट हट्टाने नाक वर, आणखी वर करतो. वेग ८० वरून ७०, मग ६५. शेवटी पंख हवा धरायचं सोडतात. याला स्टॉल म्हणतात. काही नव्या यंत्रणा मध्येच इशारा देतात किंवा नाक खाली घेतात, जुन्या घेत नाहीत.

म्हणून चढताना एफएलसी. वेग ८० नॉट सांगितला की ऑटोपायलट वेग सांभाळतो आणि ताकद असेल तेवढाच चढतो. ताकद कमी झाली तर चढ मंदावेल, पण वेग जाणार नाही. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतो तसंच. गती हवीच असा हट्ट धरला तर इंजिन दम तोडतं.

आकडा तोच, अर्थ वेगळा

हे सगळं बारीकसारीक वाटत असेल तर एक खरी घटना सांगतो. विमान मोठं होतं, पण गोष्ट हीच.

१४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान मुंबईहून बंगळूरला निघालं. एअरबस ए-३२०, ताफ्यात अगदी नवीन. विमानात १४६ जण. हवा स्वच्छ, दिवस उजेडाचा. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. ९२ जण गेले.

न्यायालयीन चौकशीत समोर आलं की उतरताना विमान ‘ओपन डिसेंट’ नावाच्या मोडमध्ये होतं. या मोडमध्ये इंजिनं जवळजवळ रिकामी फिरतात आणि विमान फक्त खाली येतं. चौकशीने मांडलेली सर्वांत संभाव्य शक्यता अशी: मिनिटाला ७०० फूट हा उतरण्याचा दर द्यायचा होता, पण हात उंचीच्या नॉबवर गेला आणि ७०० फूट ही उंची दिली गेली. बंगळूरचा तो विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फुटांवर. म्हणजे यंत्राला जमिनीच्या खालचं लक्ष्य मिळालं. वेग घटत गेला. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटच्या मिनिटात हा मोड लक्षात आल्याचं ऐकू येतं. तोवर उंची उरली नव्हती.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ ला, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ एअर इंटरचं ए-३२० डोंगरावर आदळलं. ८७ मृत्यू. तिथेही तपासात सर्वांत संभाव्य मानलं गेलं ते असंच काहीसं: ३.३ अंशांचा उतार द्यायचा होता, यंत्र दुसऱ्या मोडमध्ये होतं, आणि ३३ चा अर्थ मिनिटाला ३,३०० फूट झाला. नंतर एअरबसने पडद्यावरचे आकडे बदलले, आता ‘३३००’ पूर्ण दिसतं.

या वैमानिकांना मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण त्यातून काही शिकायला मिळत नाही. ती अनुभवी माणसं होती. एकाच आकड्याचे दोन अर्थ होऊ शकत होते, आणि कुठला अर्थ चालू आहे हे सांगणारी जागा होती पडद्यावरची काही अक्षरं. ती अक्षरं वेळेवर वाचली जाणं, एवढ्यावर माणसांचे जीव टांगलेले होते.

उतरताना: ॲप्रोच मोड

ॲप्रोच बटण दोन रेषा धरतं: एक धावपट्टीच्या सरळ, दुसरी खाली उतरणारी. जुन्या पद्धतीत दोन्ही रेषा जमिनीवरचे ॲन्टेना पाठवतात. आता जीपीएसवरूनही उतरणारी रेषा मिळते. भारतात त्यासाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने ‘गगन’ उभारलं, जे उपग्रहाच्या सिग्नलमधली चूक दुरुस्त करून पाठवतं. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगडला इंडिगोचं एटीआर विमान ‘गगन’च्या आधारे उतरलं. लहान विमानतळांसाठी हे मोठं आहे, कारण महागडी यंत्रणा जमिनीवर बसवावी लागत नाही.

इथेही आर्मचा नियम तोच. उतरती रेषा खालून पकडायची. तुम्ही उशिरापर्यंत उंच राहिलात तर ती रेषा तुमच्या खालून निघून जाते, पांढरी अक्षरं पांढरीच राहतात, आणि विमान धावपट्टीवरून त्याच उंचीवर पुढे जातं.

आणि सोडायचा कसा?

बहिणीला पहिल्याच दिवशी शिकवलं ते हे: ऑटोपायलट लावायच्या आधी तो सोडायचा कसा ते बोटाला पाठ हवं. योकवर किंवा स्टिकवर लाल बटण असतं. शंका आली, दाबा. आणि एक कायम लक्षात ठेवायचं: ऑटोपायलट चालू असताना त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही. तुम्ही योक पुढे ढकलून धरलात, तर त्याला वाटतं नाक जड झालंय, आणि तो ट्रिम उलट दिशेला फिरवत जातो. मग तुम्ही दमून सोडलंत की नाक एकदम वर उसळतं. भांडण नको, आधी सोडा आणि मग हाताने उडवा.

थोडक्यात, तिच्या वहीत चार प्रश्न लिहिलेत. बाजूला हिरवं काय? वर-खाली हिरवं काय? पांढरं काय आणि ते कधी हिरवं होणार? आणि विमान खरंच तसं करतंय का? शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण पट्टी बरोबर असूनही होकायंत्र आणि उंचीचा काटा काही वेगळं सांगत असतील तर पट्टीवर नव्हे, काट्यावर विश्वास ठेवायचा.

घरी सिम्युलेटर असेल तर ओझर ते धुळे करून बघा. पश्चिमेचा २० नॉट वारा लावा, आधी नुसत्या हेडिंगवर जा, मग नॅव्हवर. डावीकडे राहिलेलं धुळं दिसलं की हा सगळा भाग दोन मिनिटांत समजेल.

पुढच्या भागात उन्हाळ्यातल्या विरळ हवेचं गणित नीट मांडू, धावपट्टी किती लागते ते आकड्यांसकट. प्रश्न असतील तर पाठवा, बहिणीकडून उत्तरं आणतो. भेटूया!